भिंतीसमोर बसलेली दुसरी भिंत

नाटक प्रत्यक्ष पाहण्यात काही वेगळेच असते, हे विधान आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की त्याचा अर्थ विचारावा असे कुणाला वाटत नाही. विचारलाच, तर बहुधा उत्तर मिळते की रंगमंचावरून एक ऊर्जा प्रेक्षकांपर्यंत येते आणि ती कॅमेऱ्यात पकडता येत नाही. विज्ञान शिकवणाऱ्याची या उत्तराने पंचाईत होते. ऊर्जा हा शब्द जपून वापरा, तिला एकक असते, तिचा हिशेब लागला पाहिजे, असे आपण वर्गात सांगत असतो. मग नाट्यगृहाच्या दारात तो नियम सोडून द्यायचा का ?

तो सोडू नये, असे मला वाटते. प्रत्यक्ष नाट्यप्रयोगाचे वेगळेपण खरे असेल तर ते शोधून दाखवता आले पाहिजे. त्यासाठी एकच नाटक समोर ठेवून पाहू. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' मी निवडले आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे, हे नाटक नुसते वाचून फार थोडे हाती लागते. दुसरे म्हणजे, त्यावर १९७६ मध्ये चित्रपटही निघाला, त्यामुळे तुलनेला जागा मिळते.

नाटक आणि त्याची भिंत

'घाशीराम'चा पहिला प्रयोग पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी केला. दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे आणि नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना फडणवीस डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केला, घाशीराम रमेश टिळेकर यांनी. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्यातूनच थिएटर अकॅडमी ही नवी संस्था जन्माला आली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये ते विरोधाला तोंड देत युरोपातही जाऊन आले.

कथा थोडक्यात अशी. कनोजहून पुण्यात आलेला घाशीराम चोरीच्या खोट्या आळाखाली अपमानित होतो, सूड घेण्याची प्रतिज्ञा करतो, स्वतःची मुलगी नानाच्या हवाली करून त्या बदल्यात कोतवाली मिळवतो आणि शहराला छळतो. मुलगी मरते. कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मरतात. लोक खवळतात तेव्हा नाना एका सहीने घाशीरामला त्यांच्या ताब्यात देतो आणि स्वतः नामानिराळा राहतो.

परंतु या नाटकाचे खरे पात्र आहे ती बारा माणसांची रांग. ही माणसे पाठ फिरवून उभी राहिली की भिंत होते. तोंड फिरवले की त्याच भिंतीचे पुण्यातले ब्राह्मण होतात. तीच रांग झुलते, गाते, बाग होते, घरांची बंद दारे होते, कोठडी होते आणि शेवटी दगड मारणारा जमावही होते. नेपथ्य म्हणून आणखी काही लागतच नाही. मी हे नाटक एका हौशी संघाने केलेल्या प्रयोगात पाहिले आणि पुढे एका चित्रमुद्रणात, घरच्या पडद्यावर. हौशी प्रयोगात गाणे मधूनमधून बेसूर होत होते, आणि तरीही नाटक कळले ते तिथेच. असे का झाले असावे, याचा शोध हा या लेखाचा विषय आहे.

ऊर्जेचा हिशेब

आधी ती ऊर्जा निकालात काढू. साध्या बोलण्यात माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती काही दशक मायक्रोवॉट इतकीच असते. दहा वॉटचा एक दिवा उजळायचा तर काही लाख माणसांनी एकाच वेळी बोलत राहिले पाहिजे. त्यातूनही जे निघते ते संपूर्ण सभागृहात पसरते आणि एका प्रेक्षकाच्या कानाला त्याचा अत्यल्प अंश मिळतो. नटाकडून प्रेक्षकाकडे येणारी ऊर्जा हे वेगळेपणाचे कारण असूच शकत नाही. घरातला ध्वनिवर्धक त्यापेक्षा कितीतरी अधिक देतो.

म्हणजे किती येते हा प्रश्न गौण ठरतो. काय येते, केव्हा येते आणि मुख्य म्हणजे उलट दिशेने काय जाते, हे पाहायला हवे.

डोळ्याची निवड

आपल्या दृष्टिपटलाचा जो भाग अगदी स्पष्ट पाहतो तो जेमतेम दोन अंशांचा कोन व्यापतो. हात लांब करून अंगठा समोर धरला तर नखाची रुंदी साधारण तेवढीच भरते. वीस मीटर अंतरावर बसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत हा कोन रंगमंचावर सुमारे सत्तर सेंटिमीटर भरतो, म्हणजे एका माणसापुरता. बारा जणांची रांग दहाएक मीटर पसरलेली असेल, तर ती एका नजरेत स्पष्ट दिसणे शक्यच नाही. प्रेक्षकाला सतत निवड करावी लागते. पुढे नाना नाचतो आहे, त्याला पाहू, की मागे झुलणाऱ्या रांगेतल्या तिसऱ्या माणसाला ? आणि एकाला पाहताना बाकीचे अकरा दृष्टीच्या कडेला हलत राहतात. ते नाहीत असे होत नाही.

चित्रपटात ही निवड आधीच झालेली असते. कॅमेरा नानाच्या चेहऱ्याजवळ गेला की भिंत चौकटीबाहेर जाते. मणी कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप आणि सईद मिर्झा या तरुणांनी मिळून केलेल्या 'घाशीराम'च्या चित्रपटात ओम पुरी घाशीराम झाले होते आणि नाना आगाशेच होते. या दिग्दर्शकांना अडचण पुरेपूर ठाऊक असावी. लांबलचक सलग दृश्यांची त्यांची पद्धत म्हणजे तिच्यावर काढलेला एक तोडगाच होता, असे मला वाटते. तो चित्रपट स्वतंत्र कृती म्हणून पाहण्यासारखा आहे. पण चौकट कितीही रुंद केली तरी ती दुसऱ्याने आखलेली असते.

'घाशीराम'मध्ये ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. अन्याय चालू असताना आपण कुणाकडे पाहतो, हाच या नाटकाचा प्रश्न आहे. प्रेक्षक नानाच्या नाचाकडे पाहत राहिला आणि त्याच वेळी भिंतीने कशाकडे पाठ फिरवली हे त्याच्या ध्यानात आले नाही, तर ती चूक त्याची स्वतःची असते. चित्रपटात तो म्हणू शकतो की मला दाखवलेच नाही. नाट्यगृहात ही सबब उरत नाही.

आणखी एक गोष्ट. पाठ फिरवलेला माणूस म्हणजे भिंत, हा करार पडद्यावर टिकवणे कठीण जाते. कॅमेऱ्याला खरी भिंत दाखवता येते, म्हणून माणसाची भिंत तिथे थोडी कृत्रिम भासते. रंगमंचावर खरी भिंत आणणे शक्य नाही हे सर्वांना माहीत असते. करार सगळ्यांनी मिळून केलेला असतो, आणि शेजारच्यानेही तो मान्य केला आहे हे प्रत्येकाला दिसत असते.

कानाचा भाग

वॉलेस सॅबिन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाला १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाचा दोष शोधायला सांगितले गेले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री आणून खोलीत मांडल्या आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजले. त्यातून निघालेले सूत्र सोपे आहे. ध्वनी घुमण्याचा काळ सेकंदांत हवा असेल, तर सभागृहाचे घनमीटरमधले आकारमान ०.१६ ने गुणावे आणि एकूण शोषणाने भागावे. हे शोषण उघड्या खिडकीच्या चौरस मीटरमध्ये मोजतात, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

समजा, ४००० घनमीटरचे एक सभागृह आहे, खुर्च्या लाकडी आहेत आणि रिकाम्या सभागृहाचे शोषण २०० चौरस मीटर आहे. आवाज सुमारे ३.२ सेकंद घुमेल आणि संवाद एकमेकांत मिसळतील. आता त्यात ८०० माणसे बसवा. एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो. एकूण शोषण ६०० होईल आणि घुमण्याचा काळ १.१ सेकंदावर येईल. रिकाम्या नाट्यगृहात तालीम करणारा नट आणि भरलेल्या नाट्यगृहात बोलणारा नट अक्षरशः वेगळ्या खोल्यांत बोलत असतात. प्रेक्षक आल्याशिवाय नाट्यगृह हे वाद्य पूर्ण होत नाही.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तीस मीटरवरच्या शेवटच्या रांगेला संवाद ऐकू येतो तो सुमारे ०.०९ सेकंद उशिरा, आणि तिथला हशा परत नटापर्यंत यायला तेवढाच वेळ. शिवाय विनोद कळायला लागणारा वेळ वेगळाच. पुढच्या रांगेचा हशा आधी, मागचा नंतर, अशी ती लाट येते. चांगला नट पुढचे वाक्य तिच्या उतारावर टाकतो. फार आधी टाकले तर ते बुडते, फार उशिरा टाकले तर वेग जातो. ही वेळ कोणत्याही संहितेत लिहिलेली नसते आणि दोन प्रयोगांत ती सारखी येत नाही. चित्रपट हशासाठी थांबू शकत नाही, कारण त्याच्या संपादकाला आजचा प्रेक्षक ठाऊक नसतो. उलट दिशेने जाणारी गोष्ट म्हणतात ती हीच. तंत्रज्ञ तिला प्रतिभरण म्हणतील.

हशा, टाळी आणि शांतता

हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक तो इतरांच्या सोबतीत हसतो. टाळ्यांचेही तसेच आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या लहान गटांना छोटी व्याख्याने ऐकवून त्यांच्या टाळ्यांची नोंद केली गेली. एखादा माणूस टाळी सुरू करील ही शक्यता त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून नव्हती. एकूण किती जण टाळ्या वाजवत आहेत, त्यावर ती ठरत होती. संसर्ग पसरतो तो बहुधा कानावाटे.

त्याआधी, २००० मध्ये, नेडा, बाराबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या सभागृहांतल्या टाळ्या ध्वनिमुद्रित करून तपासल्या. तिथे प्रयोग संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट आपोआप एका ठेक्यात येतो, मग तो ठेका मोडतो, पुन्हा येतो. त्यांना दिसले की ठेका जमण्यापूर्वी प्रत्येक जण आपला वेग जवळजवळ निम्म्यावर आणतो, सेकंदाला चारऐवजी साधारण दोन टाळ्या. सावकाश टाळ्यांत माणसामाणसांतला फरक कमी असतो, म्हणून एकत्र येणे साधते. पण टाळ्याच कमी झाल्याने एकूण आवाज घटतो. उत्साहाच्या भरात लोक वेग वाढवतात आणि ठेका तुटतो. एकजूट आणि मोठा आवाज या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत.

आता हे ज्ञान घेऊन 'घाशीराम'कडे पुन्हा पाहू. नाटकाचा आरंभीचा भाग नाच, गाणे, कीर्तन आणि लावणी यांचा आहे. भिंत झुलते, प्रेक्षकाचा पाय ठेका धरतो. ब्राह्मण रात्री कुठे चालले आहेत यावरच्या चौकशीला हशा पिकतो. नानाच्या रंगेलपणालाही पिकतो. दोनतीनशे माणसे एका ठेक्यात हसायला शिकतात. मग तापलेला लोखंडी गोळा हातावर ठेवण्याचे दिव्य येते. सूर तोच, ठेका जवळपास तोच, पण समोर एक माणूस किंचाळतो आहे. इथे हशा सुरू होता होता अडखळतो. काही जण हसतात आणि आपला एकट्याचा आवाज ऐकून गप्प होतात. मी पाहिलेल्या प्रयोगात या ठिकाणी खुर्च्यांची कुरकुरसुद्धा थांबली होती. आपण कशाला हसत होतो, हे प्रत्येकाला त्या शांततेत कळते, आणि शेजाऱ्यालाही कळले आहे हे समजते.

घरी पडद्यासमोर हे घडत नाही. तिथे मी मुळात फारसा हसलेलोच नसतो, त्यामुळे हसणे थांबवण्याचा प्रश्न येत नाही. माझी शांतता कुणाला ऐकू जात नाही. नाटकाने लावलेला सापळा रिकामाच राहतो. चित्रमुद्रणात त्या दिवशीच्या प्रेक्षकांची शांतता असते, पण ती त्यांची असते.

माझ्या मते 'घाशीराम'चे मर्म इथे आहे. रंगमंचावर बारा माणसांची भिंत आहे : सोयीनुसार पाठ फिरवणारी, सोयीनुसार गाणारी, शेवटी एकाला ठेचून मोकळी होणारी. तिच्यासमोर अंधारात दुसरी भिंत बसलेली असते, तीही रांगेत, तीही एका सुरात हसणारी. नाटक या दोन भिंती समोरासमोर आणते. दुसरी भिंत हजर नसेल तर अर्धे नाटक झालेच नाही असे समजावे. 'प्रत्यक्ष' या शब्दाचा अर्थ मला या नाटकाने असा शिकवला की नट समोर असणे पुरेसे नाही, इतर प्रेक्षकही सोबत असावे लागतात.

उणिवांचा विचार

एवढे म्हटल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. वीस मीटरवरून निरोगी डोळ्याला सहा मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. पापणीची थरथर, ओठाची मुरड मागच्या रांगेला मिळत नाही. चित्रपट ती देतो. घाशीरामच्या मुलीचे, ललिता गौरीचे पात्र नाटकात फार पुसट आहे. तिचा सौदा होतो, ती मरते, पण तिला काय वाटले हे जवळजवळ कळतच नाही. हा दोष मूळ रचनेचा आहे, आणि समूहावर भर देणारी शैली तो वाढवते. भिंतीपुढे एकटे माणूस लहान दिसते, आणि इथे ज्या व्यक्तीला मोठे करायला हवे होते तीच लहान राहिली.

शिवाय हा सापळा प्रत्येक वेळी चालतोच असे नाही. संगीत फार गोड आहे. ज्यांना गाणी पाठ आहेत आणि जे ती ऐकायलाच आले आहेत, त्यांचा ठेका गोळ्याच्या प्रसंगीही मोडत नाही. प्रत्यक्षपणा ही काही आपोआप मिळणारी वस्तू नाही. पुढे काय होईल याची अनिश्चितता दोन्ही बाजूंना असेल तरच ती मिळते.

आणि तंत्राने ती घालवताही येते. अनेक नाट्यगृहांत आता संवाद कोपऱ्यातल्या ध्वनिवर्धकांतून येतात. तारेतून संदेश क्षणात पोचतो, नटाच्या तोंडचा आवाज हवेतून सावकाश येतो. दोन सारखे आवाज अगदी थोड्या अंतराने आले तर आधी आलेला आवाज जिकडून आला तिकडूनच दोन्ही आले असे कान मानतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये हे तपशिलाने दाखवले. त्यामुळे नट डावीकडे आणि आवाज उजवीकडे, असा प्रकार होतो. ध्वनिवर्धकाचा आवाज काही मिलिसेकंद मुद्दाम उशिराने सोडला तर तो बराच टळतो. पण तेवढे लक्ष दिलेच जाते असे नाही, आणि मग बारा माणसांच्या भिंतीतून कोण बोलला हेच कळत नाही.

वर्गातली भिंत

हा विषय शिक्षकांच्या मासिकात का, असे कुणी विचारील. महाराष्ट्रातली नाट्यगृहे मार्च २०२० मध्ये बंद झाली. ५ नोव्हेंबर २०२० पासून ती निम्म्या प्रेक्षकांवर उघडली, २०२१ मध्ये पुन्हा बंद होऊन २२ ऑक्टोबरला उघडली. त्याच काळात शाळाही पडद्यावर गेल्या होत्या. एक प्रश्न तेव्हापासून मागे लागला आहे : उत्तम शिक्षकाचा धडा एकदा चित्रित करून ठेवला, तर गावोगावी साधा शिक्षक कशाला हवा ?

चित्रित धड्याचे फायदे खरे आहेत. तो थांबवता येतो, पुन्हा पाहता येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य तो मागच्या बाकापेक्षा नक्कीच चांगले दाखवतो. पण त्याला वर्गाची शांतता ऐकू येत नाही. न समजल्याची शांतता आणि विचारात पडल्याची शांतता यांतला फरक शिक्षकाला ऐकू येतो. तो वाक्य थांबवतो, उदाहरण बदलतो. आणि एका मुलाने धीर करून 'कळलं नाही' म्हटले की आणखी पाच हात वर होतात. हाही संसर्गच आहे. तो एकट्या पडद्यासमोर होत नाही. मात्र फळ्याकडे तोंड करून ठरलेला मजकूर उतरवणारा शिक्षक आपला वर्ग स्वतःच चित्रमुद्रण करून टाकतो, हेही तितकेच खरे. त्याची जागा यंत्राने घेतली तर तक्रारीला फारसा आधार राहणार नाही.

स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने मुलांकडून एक छोटे निरीक्षण करून घेता येईल. चाळीस मुलांना आधी एकेकट्याने दहा सेकंद जोरात टाळ्या वाजवायला सांगून मोजणी करावी. मग सगळ्यांना एका ठेक्यात वाजवायला सांगून पुन्हा मोजावे. वेग कितीने घटतो आणि मुलामुलांतला फरक किती कमी होतो, त्याचा तक्ता करावा. पुढे प्रत्यक्ष कार्यक्रमात दोघा-तिघांनी प्रेक्षकांकडे तोंड करून बसावे आणि हशा कुठून सुरू झाला, कुठवर पोचला, कुठे अडखळला एवढेच टिपून ठेवावे. ज्या ठिकाणी तो अडखळला असेल, ती जागा दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चेला घ्यावी. नाटकाबद्दल बोलायला तिथून सुरुवात करणे सर्वांत सोपे जाते.